एक बारा पौंडी, पाच सहा पौंडी: डिस्ट्रॉयरवरच्या छोट्या तोफांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. रशिया-जपान युद्धाबद्दल वाचताना बहुतेक डिस्ट्रॉयरच्या, म्हणजे छोट्या, वेगवान युद्धनौकांच्या, नावापुढे ‘एक १२ पौंडी, पाच ६ पौंडी’ अशा धर्तीचा तपशील येतो. हा आकडा गोळ्याच्या वजनाचा. तीनशे टनांच्या आणि तीस नॉट (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) पळणाऱ्या लढाऊ बोटीवर एवढ्या चिमुकल्या तोफा कशासाठी? आणि दहा वर्षांत, १९१४ मध्ये, त्याच जागी ४ इंची तोफा कशा आल्या? शिवाय ‘१२ सीडब्ल्यूटी’ म्हणजे काय, आणि आपल्याकडच्या एखाद्या जहाजावर अशी तोफ होती का?

माझी सगळी नोकरी नौदलात गनरीत, म्हणजे तोफांच्या कामात, गेली. त्यामुळे उत्तर तोफेमागे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूने देतो. पुस्तकांत तोफेचा पल्ला ठळक छापलेला असतो आणि वाचणाऱ्याचं लक्ष तिथेच जातं. या तोफांच्या बाबतीत तो आकडा जवळजवळ बिनकामाचा. इथे हिशेब वेळेचा आहे: शत्रू आपल्या माऱ्यात किती सेकंद राहणार, आणि तेवढ्यात त्याला थांबवायला किती गोळे लागावे लागणार. छोट्या तोफा आल्या त्या या हिशेबाने, आणि गेल्या त्याही याच हिशेबाने.

व्हाइटहेडचा टॉर्पेडो १८६६ साली फ्यूमेला तयार झाला. दहा-अकरा वर्षांत थॉर्निक्रॉफ्टने बांधलेल्या ‘लायटनिंग’सारख्या हलक्या, वेगवान बोटी तो घेऊन हिंडू लागल्या. तेव्हाच्या चिलखती युद्धनौकांच्या मुख्य तोफा प्रचंड होत्या, पण एक बार झाला की पुढच्या बाराला मिनिटं लागत. रात्री अंगावर येणाऱ्या बुटक्या बोटीपुढे त्या कुचकामी. म्हणून १८८१ मध्ये ब्रिटिश आरमाराने कारखानदारांकडे वेगळीच मागणी केली: सहा पौंडांचा गोळा, मिनिटाला किमान बारा बार आणि तोफेवर तीन माणसं. या मागणीतून हॉचकिस आणि नॉर्डनफेल्ट यांच्या ५७ मिलिमीटरच्या ६ पौंडी तोफा पुढे आल्या. त्यांच्या जोडीला ४७ मिलिमीटरची ३ पौंडी.

आता वेळ मोजू. सर्चलाइटमध्ये टॉर्पेडो बोट दोन हजार यार्डांवर दिसली आणि ती वीस नॉटने येतेय असं धरा. त्या काळचा टॉर्पेडो नेमका मारायचा तर सहा-आठशे यार्डांपर्यंत जवळ यावं लागे. म्हणजे तुमच्या हातात दोन मिनिटं, तीही ती पहिल्याच क्षणी दिसली तर. प्रत्यक्षात एक मिनिट मिळालं तरी नशीब. अशा वेळी मोठ्या तोफेचे दोन गोळे आणि छोट्या तोफेचे पंचवीस गोळे यांतलं काय हवं, हे गनरला विचारायची गरज नाही. शिवाय समोरच्या बोटीचा पत्रा अवघा काही मिलिमीटरचा आणि त्याच्या आत वाफेने भरलेला बॉयलर. १८८० च्या दशकात अडीच-पावणेतीन किलोचा गोळा तिच्यासाठी पुरेसा होता.

ही ६ पौंडी तोफ चालायची कशी ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तिचं सगळं यश तिथेच आहे. ब्रीचचा, म्हणजे नळीच्या मागच्या झाकणाचा, दांडा फिरवला की लोखंडी ठोकळा खाली सरकतो आणि रिकामं पितळी काडतूस मागे डेकवर फेकलं जातं. भरणारा पुढचं काडतूस आत ढकलतो. गोळा, बारूद आणि टोपी सगळं एकाच पितळी कवचात, म्हणून आत जायची ही एकच वस्तू. दांडा उलटा फिरला की ठोकळा वर येऊन बंद, तोफ तयार. नेम धरणाऱ्याचं काम याहून मजेशीर. त्याला चाकं-बिकं काही फिरवायची नसत. तोफेच्या मागे खांद्याला टेकवायचा एक वाकडा आधार असे. त्यात खांदा घालून तो सबंध अंगाने तोफ वळवायचा, उचलायचा, खाली करायचा. बोट डावीकडे कलली तर त्याचं अंग आपसूक उजवीकडे जायचं आणि नेम निशाण्यावर राहायचा. हलत्या डेकवरून मारा ज्याने केलाय त्याला याचं मोल कळेल. आमच्या वेळी ४० मिलिमीटरची बोफोर्स चार-चार गोळ्यांच्या क्लिपांनी हाताने भरायची असे, आणि समुद्र उसळलेला असला की चांगला गनर कोण हे गणितापेक्षा पायांवरून ओळखू येई.

मोठ्या तोफांवर हीच गोष्ट साधायला १८९९ उजाडलं. पर्सी स्कॉट हा ‘सिला’ क्रूझरचा कप्तान. जहाज निशाण्यावर येईपर्यंत थांबून मग बार काढायचा, ही जुनी रीत त्याने मोडली. ४.७ इंची तोफेचा नेम सतत निशाण्यावर ठेवायचा सराव त्याने गनरकडून करून घेतला आणि त्या वर्षीच्या स्पर्धेत ७० पैकी ५६ बार लावले. आरमारात खळबळ उडाली. ६ पौंडीचा गनर मात्र हे खांद्याने आधीपासून करत आला होता.

डिस्ट्रॉयर आली १८९३ मध्ये. यॅरो कंपनीची ‘हॅवॉक’ पहिल्या काही बोटींपैकी. पूर्ण नाव ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’, आणि काम नावाप्रमाणेच: शत्रूच्या टॉर्पेडो बोटींचा पाठलाग करून त्या बुडवायच्या. पाठलाग म्हटला की मुख्य तोफ पुढे हवी, आणि ती ६ पौंडीपेक्षा थोडी जड हवी, कारण पळणारी बोट आपल्याला पाठ दाखवते आणि निशाणा अरुंद होतो. म्हणून पुढे एक १२ पौंडी, म्हणजे ३ इंची तोफ. ‘थर्टी नॉटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश बोटींवर ही १२ पौंडी कॉनिंग टॉवरच्या, म्हणजे बोट चालवायच्या बंदिस्त खोलीच्या, छतावर उभी असे. सुकाणूही तिथेच, नकाशाचं टेबलही तिथेच, कप्तानही तिथेच. तोफ उडाली की सगळ्यांच्या कानठळ्या एकदम. ६ पौंडी तोफा कॉनिंग टॉवरच्या दोन्ही अंगांना, मध्ये दोन्ही बाजूंना आणि एक मागे. नाळेकडचा डेक कासवाच्या पाठीसारखा गोल, त्यामुळे वेगात जाताना पाण्याचा फवारा सरळ पुढच्या तोफांवर. कागदावर सहा तोफा. खवळलेल्या समुद्रात, पूर्ण वेगात, त्यातल्या किती चालवता येत असतील ते तुम्हीच ठरवा.

‘१२ सीडब्ल्यूटी’चं एका दमात सांगतो. हे हंड्रेडवेटचं माप आहे, एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, सुमारे ५१ किलो. आकडा गोळ्याचा नसून नळी आणि ब्रीच यांच्या वजनाचा आहे. ब्रिटिश आरमारात १२ पौंडी नावाच्या तीन वेगवेगळ्या ३ इंची तोफा होत्या: ८, १२ आणि १८ हंड्रेडवेटच्या. ८ वाली आखूड नळीची आणि कमी जोराची. १२ वाली डिस्ट्रॉयरवरची, सुमारे ६१० किलोंची. १८ वाली १९०६ च्या ‘ड्रेडनॉट’ या मोठ्या युद्धनौकेवर होती, तब्बल २७ नग, टॉर्पेडो बोटींपासून बचावासाठी. वर्णनात नुसतं ‘१२ पौंडी’ लिहिलेलं दिसलं तर पुढचा आकडा शोधल्याशिवाय तुलना करू नका. आंतरजालावरच्या निम्म्या वादांचं मूळ तेच असतं.

आता १९०४. फेब्रुवारीतल्या रात्री जपानी डिस्ट्रॉयर पोर्ट आर्थरच्या बाहेर नांगरलेल्या रशियन आरमारावर धावून गेल्या. १६ टॉर्पेडोंपैकी तीन लागले. ‘त्सेसारेविच’, ‘रेट्विझान’ आणि ‘पल्लादा’ जायबंदी. हल्ला अचानक झाला हे खरं, पण जलद तोफांच्या भिंतीवर जी श्रद्धा होती तिला पहिला तडा इथे गेला.

दुसरा तडा मला जास्त बोलका वाटतो. ऑक्टोबर १९०४ मध्ये रशियाचा बाल्टिक ताफा पूर्वेकडे निघालेला असताना उत्तर समुद्रात डॉगर बँकवर त्यांना रात्री इंग्लंडच्या हल बंदराच्या मासेमारी बोटी दिसल्या. जपानी टॉर्पेडो बोटी समजून सगळ्यांनी तोफा सोडल्या. समोर मच्छीमारांच्या मंद बोटी, जाळी पाण्यात, पळायची सोय नाही. निशाणा याहून सोपा मिळणं कठीण. तरी युद्धनौकांच्या रांगेने शेकडो गोळे उडवून बुडाली ती ‘क्रेन’ ही एकच बोट. तिच्यावरची दोन माणसं जागीच मेली. आणि रशियनांनी आपल्याच ‘अरोरा’ क्रूझरला गोळे मारले, त्यात तिच्यावरचा पाद्री दगावला. ही घटना लोक राजकीय भानगड म्हणून सांगतात, युद्ध होता होता टळलं वगैरे. गनरच्या नजरेने पाहिलं तर रात्रीच्या जलद माऱ्याची ती जगातली सगळ्यात मोठी, नको असलेली चाचणी होती, आणि निकाल वाईट लागला. मिनिटाला पंचवीस बार काढता येणं आणि पंचवीस बार लागणं यांत केवढं अंतर आहे ते तिथे दिसलं.

डिस्ट्रॉयर विरुद्ध डिस्ट्रॉयर ही लढतही याच युद्धात नीट पाहायला मिळाली. १० मार्च १९०४ च्या पहाटे पोर्ट आर्थरकडे परतणाऱ्या ‘रेशितेल्नी’ आणि ‘स्टेरेगुश्ची’ या दोन रशियन बोटींना चार जपानी डिस्ट्रॉयरांनी गाठलं. ‘रेशितेल्नी’ निसटली. ‘स्टेरेगुश्ची’वर एक ७५ मिलिमीटरची तोफ आणि बाकी ४७ मिलिमीटरच्या. जपान्यांकडे १२ आणि ६ पौंडी. चारांनी वेढून जवळून मारा केला तरी बोट लगेच थांबली नाही. बॉयलरना मार बसला तेव्हा कुठे वेग गेला. मग तिच्यावरची जवळजवळ सगळी माणसं एकेक करून पडली. जपानी खलाशांनी वर चढून तिला आपल्या ‘साझानामी’ डिस्ट्रॉयरच्या मागे बांधली, पण ओढून नेताना ती बुडाली. पीटर्सबर्गमध्ये तिचं स्मारक आहे ते शौर्याचं. तोफांबद्दल तिने शिकवलेला धडा कोरडा आहे: छोटे गोळे माणसं मारतात, बोट थांबवत नाहीत. ६ पौंडी गोळ्यात भरलेली स्फोटक दारू मुळातच नगण्य. पत्रा फोडून गोळा आत जातो, आणि बॉयलरच्या बाजूंना कोळशाच्या कोठ्या असतात, तिथे तो जिरतो. नेमका वाफेच्या नळीवर बसला तर ठीक, नाहीतर शत्रू आपला वेग राखून टॉर्पेडो सोडायला मोकळा.

ब्रिटिशांनी हा धडा घेतला. नुकत्याच बांधलेल्या ‘रिव्हर’ वर्गाच्या बोटींवरून १९०६ पासून पाचही ६ पौंडी काढून तीन १२ पौंडी बसवल्या. त्या ८ हंड्रेडवेटच्या, म्हणजे आखूड नळीच्या, कारण वरचं वजन वाढवायची मुभा नव्हती. पाचाच्या जागी तीन तोफा, पण गोळा दुप्पट वजनाचा. माझ्या मते डिस्ट्रॉयरच्या तोफांच्या इतिहासातला खरा वळणबिंदू हा आहे, ४ इंची तोफेचं आगमन नव्हे. तोवर तोफेची किंमत ‘मिनिटाला किती बार’ यावर ठरत होती. इथून ती ‘एका फटक्यात काय होतं’ यावर ठरू लागली.

पुढचं भराभर झालं. ‘ट्रायबल’ वर्गातल्या पहिल्या पाच, त्यांत ‘अफ्रिदी’ आणि ‘गुरखा’ या आपल्या ओळखीच्या नावांच्या दोन, प्रत्येकी तीन १२ पौंडी घेऊन उतरल्या. त्याच वर्गाच्या नंतरच्या सात बोटींवर मात्र दोन ४ इंची. ‘बीगल’ वर्गावर एक ४ इंची आणि तीन १२ पौंडी, ‘एकॉर्न’ वर्गावर दोन-दोन. शेवटी ‘अकास्टा’ वर्गापासून सरसकट तीन ४ इंची. ४ इंचीचा गोळा ३१ पौंडांचा, १४ किलो. म्हणजे ६ पौंडीच्या पाचपट.

नुसत्या गोळ्याच्या ताकदीने हा बदल झाला असं मात्र नाही. टॉर्पेडोत पेटत्या इंधनाने हवा तापवायची युक्ती आली आणि १९१० च्या आसपास त्याची धाव पाच हजार यार्डांच्या पुढे गेली. आता शत्रूला आठशे यार्डांवर थांबवून उपयोग नव्हता, दूरवर थांबवायला हवं. आणि दूरवर मारा करायचा म्हटला की एक अडचण येते, जिच्याबद्दल पुस्तकं फारसं बोलत नाहीत: आपला गोळा कुठे पडला ते दिसलं पाहिजे. नेम सुधारायचा तो पाण्यात उडालेल्या फवाऱ्यावरून. अलीकडे पडला तर पल्ला वाढवा, पलीकडे पडला तर कमी करा. ६ पौंडीचा फवारा तीन हजार यार्डांवरच्या खळबळत्या पाण्यात दिसतच नाही, लाट कुठली आणि गोळा कुठला कळत नाही. ४ इंचीचा उंच, पांढरा, स्पष्ट. आणि एकाच बोटीवरून १२ पौंडी आणि ४ इंची दोन्ही मारत असतील तर कुठला फवारा कुणाचा हा घोळ वेगळाच. मोठ्या युद्धनौकांना ‘ड्रेडनॉट’ने एकाच मापाच्या मुख्य तोफा दिल्या, त्यामागे हेही एक कारण होतं. डिस्ट्रॉयर त्याच वाटेने गेल्या, पाच-सात वर्षं उशिरा.

किंमतही मोजावी लागली. ४ इंची तोफ खांद्याने हलत नाही. नेम हाताने फिरवायच्या दातेरी चाकांनी, उंची धरणारा एक आणि दिशा धरणारा दुसरा. ओल्या, कललेल्या डेकवर चौदा किलोचा गोळा छातीशी धरून उभं राहायचं आणि पुढची लाट चुकवायची, हे काम सहा-सात पौंडांच्या गोळ्याइतकं सोपं नाही. तोफेच्या धक्क्यासाठी डेकखाली आधार द्यावे लागले. थर्टी नॉटरवर ही तोफ बसवणं धोक्याचं ठरलं असतं. हजार टनांच्या ‘एल’ वर्गावर ती बसली, कारण बोट तिच्यासाठी वाढली होती.

पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश आरमाराचा पहिला बार याच ‘एल’ वर्गाच्या ‘लान्स’वरून ५ ऑगस्ट १९१४ रोजी, सुरुंग पेरणाऱ्या ‘क्योनिगिन लुईझ’वर उडाला. ती ४ इंची तोफ लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये ठेवली आहे. कधी गेलात तर तिच्या शेजारी उभं राहून माप डोळ्यांत भरून घ्या.

आणि त्याच ‘लान्स’ने ऑक्टोबरात जुन्या-नव्याचा निकाल लावला. १७ ऑक्टोबर १९१४, डच किनाऱ्याजवळ टेक्सेल बेटापाशी. ‘अनडॉन्टेड’ हा हलका क्रूझर आणि ‘लान्स’, ‘लेनॉक्स’, ‘लीजन’, ‘लॉयल’ या चार डिस्ट्रॉयर. समोर एस-११५, ११७, ११८ आणि ११९ या जर्मन टॉर्पेडो बोटी, शतकाच्या सुरुवातीच्या, प्रत्येकीवर ५ सेंटिमीटरच्या तीन तोफा. या तोफेचा गोळा पावणेदोन किलोंचा. चारही बोटी बुडाल्या, दोनशेहून जास्त जर्मन मेले, ब्रिटिशांकडे मोजके जखमी. जर्मन शेवटी जवळ येऊन टॉर्पेडो मारायला धावले, तेवढाच पर्याय उरला होता. त्यांच्या तोफा निकामी नव्हत्या. त्या ज्या अंतरासाठी आणि ज्या अंधारासाठी बनल्या होत्या ते त्या दुपारी नव्हतं.

जर्मनांना वेडं ठरवायची घाई मात्र करू नका. त्यांच्या लेखी ही टॉर्पेडो बोटच होती, रात्री शत्रूच्या रांगेत घुसून टॉर्पेडो मारणारी. तोफ वाट मोकळी करण्यापुरती. तोफ जड केली की बोट उंच होते, दिसते, मंदावते. हा विचार स्वतःपुरता पक्का होता. युद्धाने तो टिकू दिला नाही. आधी ५.२ आणि ८.८ सेंटिमीटर, मग १९१६ पासून १०.५. रशियाच्या ‘नोविक’ने तर १९१३ मध्येच लांब नळीच्या १०२ मिलिमीटरच्या चार तोफा लावल्या होत्या. ऑगस्ट १९१५ मध्ये रीगाच्या आखातात तिने एकटीने व्ही-९९ आणि व्ही-१०० या दोन जर्मन बोटींना गाठलं. व्ही-९९ ला इतके फटके बसले की ती सुरुंगांत जाऊन पडली आणि संपली.

जुन्या बोटी तोवर सेवेत होत्याच. १८९७ ची ‘फ्लर्ट’, तिच्या एक १२ पौंडी आणि पाच ६ पौंडीसह, २६-२७ ऑक्टोबर १९१६ च्या रात्री डोव्हरच्या सामुद्रधुनीत पहाऱ्यावर होती. जर्मन टोळीशी गाठ पडली आणि काही मिनिटांत ती गेली. त्याच रात्री ‘नुबियन’चं पुढचं टोक टॉर्पेडोने उडालं. पुढे ‘झुलू’चं मागचं टोक सुरुंगाने गेलं, तेव्हा दोघींचे उरलेले भाग जोडून ‘झुबियन’ नावाची बोट तयार केली. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता आपल्याकडचं. १८८० च्या दशकाच्या अखेरीला हिंदुस्थान सरकारसाठी सात टॉर्पेडो बोटी बांधल्या गेल्या. नावं ‘बलुच’, ‘गुरखा’, ‘पठाण’, ‘शीख’, ‘राजपूत’ अशी, आणि त्यात एक ‘मराठा’ही. मुंबई बंदराच्या बचावासाठी त्या होत्या. पुढे ब्रिटिश आरमाराने त्या ताब्यात घेतल्या आणि नावं जाऊन नुसते नंबर राहिले.

१२ पौंडीची गोष्ट मात्र १९४२ पर्यंत येते. डिस्ट्रॉयरवरून उतरलेल्या या तोफा दोन्ही महायुद्धांत व्यापारी जहाजांवर, ट्रॉलरवर, जिथे चांगलं काही मिळालं नाही तिथे लागल्या. ऑस्ट्रेलियात नुकतंच बांधलेलं रॉयल इंडियन नेव्हीचं ‘बेंगाल’ हे कॉर्व्हेट (सोबतीचं छोटं लढाऊ जहाज) ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत होतं. ठरलेली ४ इंची तोफ मिळाली नव्हती म्हणून पुढे एक १२ पौंडी. समोर आली ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’, दहा-दहा हजार टनांच्या सशस्त्र जपानी जहाजांची जोडी, तोफा १४ सेंटिमीटरच्या. ‘बेंगाल’ने ‘ओंडिना’ला निसटायला सांगितलं आणि स्वतः ‘होकोकू मारू’च्या अंगावर गेली. ‘ओंडिना’नेही आपली एकुलती ४ इंची चालवली. ‘होकोकू मारू’ पेटली, स्फोट झाला आणि बुडाली. तो फटका कोणाचा यावर दोन्ही बाजूंनी दावे झाले. गनर म्हणून मला विचाराल तर ‘ओंडिना’च्या ४ इंचीकडे माझं झुकतं माप आहे, कारण एवढ्या मोठ्या जहाजाच्या पोटात शिरून काही पेटवायचं तर १२ पौंडीच्या साडेपाच-पावणेसहा किलोंच्या गोळ्याला फारच नशीब लागतं. पण ती पहिली काही मिनिटं जपानी तोफांना आपल्याकडे ओढून घेतली ती ‘बेंगाल’च्या १२ पौंडीने. ‘बेंगाल’ आणि ‘ओंडिना’ दोन्ही वाचली, आणि ‘बेंगाल’ स्वातंत्र्यानंतरही भारतीय नौदलात १९६० पर्यंत चाललं.